राक्षसालाही व्याकरण लागतं

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची मिरजेहून चार दिवस राहायला आली, ती दोनशे पानी वही घेऊनच. नववीत आहे. वहीत कादंबरी चालू आहे. सांगलीत आयर्विन पुलाखाली, कृष्णेच्या डोहात, माणसांना न दिसणारं एक राज्य आहे. तिथले लोक पाण्यात राहतात, मगरी पाळतात, आणि पूर आला की त्यांचं राज्य मोठं होतं. कल्पना मला फार आवडली. पण पहिल्याच प्रकरणात त्यांचा राजा तोंड उघडतो आणि म्हणतो, "ग्रख झ्रूम वाक्थ!" त्या ओळीवर तिने पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती.

"मावशी, हे खरं का वाटंना?" तिने विचारलं. "नुसतं कायतरी बडबडल्यासारखं वाटतंय."

तिचा कान चांगला आहे. ती बडबडच होती. पण बडबड आणि भाषा यांत नेमका फरक कुठे पडतो, हे सांगायला मला पुढचे चार दिवस लागले. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, विभक्तीचे प्रत्यय पाठ करून घेतले. ते सगळं इतकं कामाला आलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

राक्षसाच्या तोंडी काय घालायचं, हा प्रश्न सांगलीत जुनाच आहे. १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी इथे 'सीता स्वयंवर' उभं केलं. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस यायचा तो 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत. ती आरोळी इतकी गाजली की अशा नाटकांना पुढे 'अललडुर्र नाटकं' म्हणू लागले. आरोळी म्हणून ती चोख आहे. जीभ आधी मोकळी सुटते आणि मग 'डुर्र'वर आपटते; लहान पोर दचकलंच पाहिजे. पण त्याच राक्षसाला "काल तुझा भाऊ इथे आला होता का?" असं विचारायचं असेल तर? अललडुर्रमध्ये 'काल' नाही, 'तुझा' नाही, प्रश्न नाही. तिथे नाटककार त्याला मराठीतच बोलायला लावतो. कल्पित जगाची भाषा रचणारे लोक नेमके या जागी थांबत नाहीत, पुढे जातात.

आधी एक गोंधळ दूर करू. आपण सगळ्यांनी लहानपणी 'च'ची भाषा बोललेली असते. पहिलं अक्षर काढायचं, शेवटी न्यायचं, पुढे 'च' लावायचा. 'मला'चं 'चलाम', 'सांगली'चं 'चगलीसां'. मोठ्यांसमोर गुपितं बोलायला झकास. पण ही वेगळी भाषा नव्हे. शब्द मराठी, वाक्य मराठी, वरून फक्त कुलूप. महानुभाव पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीत आणि तशाच इतर सांकेतिक लिप्यांत जपल्या, त्यातही आत मराठीच होती. जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटं धरून खिलार बैलाचा भाव ठरवतात, तेही कुलूपच. इंग्रज कादंबरीकार जे. आर. आर. टोल्किन यांच्या लहानपणी त्यांच्या मावसबहिणींनी असंच एक कुलूप केलं होतं. त्यात प्राण्यांची आणि पक्ष्यांची नावं शब्दांऐवजी वापरायची. 'कुत्रा बुलबुल सुतारपक्षी चाळीस' म्हणजे 'तू गाढव आहेस'. चाळीस म्हणजे गाढव! पुढे मुलांनी आणखी एक भाषा केली, 'नेव्हबॉश'. त्या शब्दाचा अर्थच 'नवी वटवट'. याच मुलाने मोठा होऊन दोन अशा भाषा रचल्या की त्यांच्या व्याकरणावर आजही लोक वाद घालतात.

टोल्किन यांचा जन्म १८९२ चा. पुढे ते ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक झाले. पण १९१५ च्या सुमाराला, पहिल्या महायुद्धाच्या काळात, तेविशीतला हा माणूस एका न बोलल्या जाणाऱ्या भाषेचा शब्दकोश करत बसला होता. तिचं नाव क्वेन्या. त्यांची कादंबरी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आली १९५४ आणि ५५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. आपण कथा आधी रचून भाषा नंतर चिकटवली नाही, भाषेला राहायला जग हवं होतं म्हणून कथा रचली, असं ते सांगत. मला हे पटतं. त्या भाषा वाचताना त्या कुणीतरी वापरून गुळगुळीत केल्यासारख्या लागतात.

हे होतं कसं? पहिली गोष्ट ध्वनींची. भाषा आधी कानाला कळते, अर्थ मागून येतो. जतच्या बाजारात उभं राहिलात तर शेजारचं बोलणं कानडी आहे हे एक शब्द न कळताही समजतं, कारण बहुतेक कानडी शब्द स्वरावर येऊन टेकतात. प्रत्येक भाषा काही ध्वनी घेते, काही सोडते, आणि कुठला ध्वनी कुठे बसेल हे ठरवते. मराठीत 'ळ' आहे, पण त्याने एकही शब्द सुरू होत नाही. 'ण'चंही तसंच. 'फळ' बरोबर, 'ळफ' बोललात तर ऐकणारा म्हणेल, हे आपलं नव्हे. हा नियम आपल्याला कुणी शिकवलेला नसतो, तरी तो मोडला की लगेच खटकतं.

क्वेन्याचे नियम फार काटेकोर आहेत. शब्द स्वरावर संपतो, नाहीतर न, र, स, ल, त या पाचांपैकी एकावर. शब्दाच्या आरंभी जोडाक्षर नाही. 'ब' येतो तो सहसा 'म्ब'मध्येच, 'ग' फक्त 'ङ्ग'मध्ये, 'द' फक्त न, ल किंवा र यांच्या पाठीशी. म्हणजे क्वेन्या बोलणाऱ्या माणसाला 'बाबा' म्हणता येणार नाही, 'दादा'ही नाही. हे कळल्यावर भाचीने सगळ्या घरादाराची नावं क्वेन्यात बसतात का ते तपासलं. या भाषेचा गोडवा फिनलंडच्या फिनिश भाषेवरून आला आहे. तिच्या बहिणीसारखी जी सिंडारिन भाषा टोल्किननी केली, तिचा नाद वेल्श भाषेचा.

इथे आपल्या लेखकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी असं मला वाटतं. 'स्टार ट्रेक' या अंतराळकथांमधल्या परग्रहावरच्या क्लिंगॉन योद्ध्यांसाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने १९८४ च्या चित्रपटासाठी भाषा रचली. ती कानाला परकी आणि कडक लागावी म्हणून त्यांनी त्यात जीभ मागे वळवून काढायचा 'ड' घातला आणि तसाच मूर्धन्य 'ष' घातला. इंग्रजी कानाला ते परके. आपल्याला? आपला 'ड' लाडूत आहे, झाडात आहे, आईने मारलेल्या लाडिक हाकेत आहे. तेव्हा परदेशी पुस्तकातली राक्षसी भाषा जशीच्या तशी उचलली तर मराठी वाचकाला भीती वाटायची नाही. मराठी कानाला परकं काय, ते मराठीतच शोधावं लागतं. शब्दाच्या आरंभी 'ळ' घातला तरी पुरे. पाठीवरून थंड बोट फिरल्यासारखं होतं.

तरी काही गोष्टी सगळ्यांच्या कानाला सारख्याच लागतात. एक टोकेरी आकृती आणि एक गोलसर आकृती दाखवून विचारलं, यांतली 'बूबा' कोण आणि 'किकी' कोण, तर बहुतेक लोक गोल आकृतीला बूबा म्हणतात. वोल्फगांग क्योलर यांनी १९२९ मध्ये असाच प्रयोग वेगळे शब्द घेऊन केला होता, व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये बूबा-किकी प्रसिद्ध केलं. मराठीला हे सांगायला नको. 'गुळगुळीत' आणि 'खडबडीत' हे शब्द डोळे मिटून ऐकले तरी हाताला कळतात.

भाचीच्या राजाकडे परत येऊ. 'ग्रख झ्रूम वाक्थ' यात घोळ हा, की जे जे भयंकर वाटलं ते ते सगळं एकत्र टाकलेलं आहे. काही सोडलेलं नाही. आम्ही आधी सोडायचं ठरवलं. पाण्याखाली ओठ मिटून उघडले की दर वेळी घोटभर पाणी आत, म्हणून त्यांच्या भाषेत ओठांचे ध्वनी नाहीत. प, फ, ब, भ, म, सगळा वर्ग गेला. मग त्यांना 'मगर' म्हणता येईना. मगरीचं नाव ठरलं 'ळिन'.

आता सगळ्यात श्रीमंत भाग, भाषेचा भूतकाळ. पाढे म्हणताना 'सात' म्हणतो, पण पंचांगात 'सप्तमी'. 'हात' म्हणतो, पण सही करताना 'हस्ताक्षर'. 'आठ' आणि 'अष्टमी', 'काम' आणि 'कर्म', 'साप' आणि 'सर्प', 'दूध' आणि 'दुग्ध'. या जोड्या सुट्या नाहीत, त्यांच्यामागे एकच नियम चालत आला आहे. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात दुहेरी झालं आणि मराठीत ते एकेरी होताना मागचा स्वर लांबला. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. नियम एकदा कळला की पुढचा शब्द आपला आपण सांगता येतो. भाचीने 'अग्नी'वरून 'आग' काढून दाखवली तेव्हा तिचे डोळे मला अजून आठवतात.

टोल्किन यांनी नेमकं हेच केलं, फक्त उलट बाजूने. त्यांनी आधी एक आदिम भाषा कल्पिली, मग ती बोलणाऱ्या लोकांची ताटातूट केली, आणि दोन्हीकडे ध्वनी वेगवेगळ्या नियमांनी झिजवले. म्हणून क्वेन्यात बापाला 'अतार' आणि सिंडारिनमध्ये 'अदार'. स्वरांच्या मध्ये सापडलेला 'त' तिकडे मऊ होऊन 'द' होतो. 'खाणे' क्वेन्यात 'मत', सिंडारिनमध्ये 'मद'. हंस क्वेन्यात 'अल्क्वा', सिंडारिनमध्ये 'अल्फ', कारण जुना 'क्व' तिथे ओठांवर सरकला. दोन्ही शब्द वाचणाऱ्याला नियम माहीत नसला तरी नातं जाणवतं, जसं भावंडांच्या चेहऱ्यात जाणवतं. पुढे त्या जगात क्वेन्या विद्वत्तेची आणि समारंभाची भाषा होते आणि सिंडारिन रोजच्या बोलण्याची. आपल्याकडे लग्नाच्या मंत्रातलं 'सप्तपदी' आणि दुकानातलं 'सात रुपये' जसे एकत्र नांदतात, तसंच.

भाषेला भूतकाळ मिळाला की नकाशालाही मिळतो. साताऱ्याच्या डोक्यावरचा किल्ला १७०० मध्ये औरंगजेबाने घेतला तेव्हा तो 'आझमतारा' झाला. मराठ्यांनी परत घेतला आणि तो 'अजिंक्यतारा' म्हणून राहिला. एका डोंगराच्या नावात कुणाचं राज्य आलं आणि गेलं ते उमटलं आहे. टोल्किनच्या जगात डोंगराखालच्या एका शहराला तिथले बुटके लोक 'खझाद-दूम' म्हणतात, म्हणजे आपले वाडे. क्वेन्या आणि सिंडारिन ज्यांच्या भाषा, ते एल्फ लोक त्यालाच 'मोरिया' म्हणतात, म्हणजे काळी खाई. नावावरूनच कळतं की बोलणारा घरचा आहे की भ्यालेला पाहुणा. मी तर म्हणेन, नुसती नावं नीट ठेवली तरी कादंबरीचं निम्मं काम होतं. आणि नावांच्या चुकीच्या कथाही हव्यात. सांगली हे नाव सहा गल्ल्यांवरून आलं असं इथला प्रत्येक जण सांगतो, साताऱ्याच्या नावातले सात कुठले यावर तर सांगेल तेवढं थोडं. खऱ्या जगात लोक आपल्या गावाच्या नावाबद्दल गोष्टी रचतात. रचलेल्या जगातल्या लोकांनीही रचल्या पाहिजेत.

व्याकरणाकडे आलं की मुलं हात टेकतात, पण मराठी माणसाला इथे घाबरायचं कारणच नाही. एल्फांचं एक अभिवादन प्रसिद्ध आहे: 'एलेन सीला लूमेन्न् ओमेन्तिएल्वो', आपल्या भेटीच्या घटकेवर तारा चमकतो आहे. इंग्रजीला यातल्या 'वर'साठी वेगळा शब्द पुढे लावावा लागतो. क्वेन्या तो मागे चिकटवते: 'लूमे' म्हणजे घटका, 'न्ना' म्हणजे कडे किंवा वर. 'किर्या' म्हणजे जहाज. 'किर्यान्ना' जहाजाकडे, 'किर्यास्से' जहाजात, 'किर्याल्लो' जहाजातून. साताऱ्याकडे, साताऱ्यात, साताऱ्याहून. ज्याने लहानपणी 'स, ला, ते' घोकलं, त्याला हे घरचंच आहे.

याच अभिवादनात आणखी एक गंमत आहे. त्यातल्या 'आपल्या' अर्थाच्या प्रत्ययात टोल्किननी नंतरच्या आवृत्तीत एक अक्षर बदललं, आधी 'ओमेन्तिएल्मो' होतं. एका अक्षरासाठी एवढा आटापिटा का? कारण 'आम्ही' कोण, हा प्रश्न क्वेन्यात बारकाईने विचारला जातो. ऐकणारा त्यात धरलाय की नाही, यावर शब्द बदलतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, मराठीत दोन. "आम्ही कास पठारावर चाललोय" म्हटलं तर तू घरी बस. "आपण चाललोय" म्हटलं तर चप्पल घाल. एवढा मोठा फरक आपण दिवसातून शंभरदा करतो आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते. कल्पित भाषा वाचण्यातलं माझं सगळ्यात मोठं सुख हे आहे, की दुसऱ्याच्या रचलेल्या खिडकीतून आपलंच घर दिसतं.

इतर भाषांनी वेगळ्या वाटा काढल्या. क्लिंगॉनमध्ये कर्म आधी, मग क्रियापद, कर्ता सगळ्यात शेवटी. जगात ही रचना दुर्मीळ म्हणूनच ओक्रँड यांनी निवडली. २००९ च्या 'अवतार' चित्रपटासाठी पॉल फ्रोमर यांनी नावी भाषा केली. तिथे काळाचे प्रत्यय क्रियापदाच्या पोटात शिरतात: 'तारोन' म्हणजे शिकार करणे, शिकार पूर्ण झाली की 'तोलारोन'. त्या लोकांच्या एका हाताला चार बोटं, म्हणून त्यांची मोजणी आठाआठाने चालते. शरीर बदललं तर गणित बदलतं, हा विचार मला फार सुंदर वाटतो.

एस्पेरांतोचं नाव इथे नेहमी निघतं, म्हणून दोन शब्द. लुडविक झामेनहोफ यांनी ती १८८७ मध्ये जगापुढे ठेवली, देशोदेशीच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून. तिचं व्याकरण सोळा नियमांत मांडलं, अपवाद नाहीत. शिकणाऱ्यासाठी ते बरोबरच. कथेतल्या भाषेचं काम उलटं. तिला सुरकुत्या हव्यात. 'सातारा'चं 'साताऱ्यात' होतं आणि 'सांगली'चं 'सांगलीत', 'जा'चा भूतकाळ 'गेला' होतो. परक्याला हे छळ वाटतं, पण त्यातच भाषेचं वय दिसतं.

लिपीबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण इथे देवनागरी वाचणारा माणूस टोल्किनच्या दारात पाहुणा नसतो. त्यांच्या तेंग्वार लिपीतली अक्षरं ध्वनी तोंडात कुठे निघतो त्यावरून स्तंभांत लावलेली आहेत: दातांपाशी निघणारे एका स्तंभात, ओठांचे दुसऱ्यात, घशाकडचे तिसऱ्यात. आपण क, च, ट, त, प या वर्गांत जे करतो तेच. त्याहून पुढची पायरी अशी, की अक्षराच्या आकारातच ध्वनी दिसतो. एक दांडा आणि एक कमान, की झाला 'त'. तीच कमान दुहेरी केली की 'द'. ओठांच्या स्तंभातही तसंच, 'प'ची कमान दुहेरी केली की 'ब'. दांडा वर उचलला की ध्वनी घासत निघणारा होतो. आपला 'क' आणि 'ग' दिसायला एकमेकांचे कुणी लागत नाहीत, तिथे लागतात. स्वर बहुधा अक्षराच्या डोक्यावर खुणांनी दाखवतात, आपल्या मात्रेसारखे. मी फळ्यावर वर्णमाला आयुष्यभर लिहिली, पण तिची मांडणी किती विलक्षण आहे हे मला तेंग्वारचा तक्ता पाहून नव्याने कळलं. पाणिनीच्याही आधीपासून आपल्याकडे लोकांनी जिभेचा नकाशा काढून ठेवला होता, आणि आपण तो बालवाडीत गाण्यासारखा म्हणून टाकतो.

शेवटची गोष्ट शब्दांची. नवशिका लेखक शब्दकोश घेतो आणि प्रत्येक मराठी शब्दासमोर एक नवा आवाज लिहीत जातो. पाणी म्हणजे हे, झाड म्हणजे ते. तिथे पुन्हा कुलूपच तयार होतं. खरे शब्द जगण्यातून निघतात आणि एकास एक जुळत नाहीत. डेव्हिड जे. पीटरसन यांनी 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेसाठी दोथ्राकी भाषा रचली, तेव्हा हाताशी मूळ पुस्तकांतले थोडेसे शब्द आणि नावं होती. ते लोक घोड्यावर जगणारे. म्हणून "कसा आहेस?" हे दोथ्राकीत "हाश येर दोथ्राए चेक?" असं विचारतात, म्हणजे "चांगली दौड करतोयस ना?" त्यांच्याकडे 'थँक यू'ला शब्दच नाही. इंग्रजी वाचकाला याचं मोठं नवल वाटलं. मला वाटलं नाही. आमच्या घरात आईने ताट वाढल्यावर कुणी 'धन्यवाद' म्हटलं असतं तर तिला ते लागलं असतं. उपकार फिटू नयेत असंच नातं असतं तिथे त्या शब्दाची गरज पडत नाही.

पीटरसन यांची दुसरी भाषा, हाय व्हॅलिरियन, तिला लिंगं चार: चांद्र, सौर, भौम आणि जलीय. आपल्याकडे तीन असताना आपण तो दगड, ती वीट, ते घर असं ठरवतो आणि कारण कुणालाच सांगता येत नाही. चार असतील तर जग चार खोल्यांत वाटलं जातं.

मी भाचीला विचारलं, पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की काय बोलतात? तिला क्षणभरही लागला नाही: "पाणी किती फुटांवर?" आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ आहे. २०१९ चा पूर ज्याने पाहिला, त्याच्यासाठी 'पाणी चढतंय' आणि 'पाणी उतरतंय' ही दोन वेगळी जगं आहेत. मग पुलाखालच्या लोकांना 'पाणी' असा एकच शब्द कसा पुरेल? आमच्यासाठी पाणी चढणं म्हणजे संकट, त्यांच्यासाठी सण. त्यांनी चढत्या पाण्याला 'हुळ' म्हटलं, उतरत्याला 'हुण'. साधं, थांबलेलं पाणी त्यांच्या लेखी नसतंच, म्हणून त्याला शब्द नाही. भेटल्यावर ते विचारतात, "तुझं हुळ किती?" म्हणजे तू बरा आहेस ना?

एवढं सगळं करायला हवं का, असं कुणी विचारेल. किती करायचं हे कथेवर आहे. २०१५ च्या 'बाहुबली'त कालकेय टोळी किलिकी बोलते. ती मदन कार्की यांनी रचली, सुमारे साडेसातशे शब्द आणि चाळीस नियम. 'मिन' म्हणजे मी, 'निम' म्हणजे तू. शब्द उलटा केला की माणूस समोरच्या बाजूला जातो. अललडुर्रच्या परंपरेतल्या प्रेक्षकासमोर प्रथमच असा शत्रू उभा राहिला, जो ओरडत नव्हता, बोलत होता. रणांगणावरच्या त्या प्रसंगाला तेवढं व्याकरण पुरलं. क्लिंगॉनचा शब्दकोश १९८५ मध्ये छापला गेला आणि लोकांनी पुढे त्या भाषेत 'हॅम्लेट'ही आणलं. टोल्किन आयुष्यभर आपल्या भाषा दुरुस्त करत राहिले, १९७३ मध्ये गेले तेव्हाही त्या पुऱ्या झालेल्या नव्हत्या. आणि बाराव्या शतकात जर्मनीत हिल्डेगार्ड या संन्यासिनीने हजारभर नामांची एक अज्ञात भाषा लिहून ठेवली. वाचकाला यातलं थोडंच दिसतं. पण लेखकाला नियम माहीत असला की पात्र कधी अडखळत नाही, आणि ते वाचणाऱ्याला बरोबर जाणवतं.

सुट्टीच्या शेवटच्या सकाळी भाची अंगणात वही घेऊन बसली होती. राजाचं वाक्य खोडून तिथे नवं लिहिलं होतं, लहानसं, ओठ न मिटता म्हणता येईल असं. मग तिने डोकं वर केलं.

"मावशी, त्यांच्याकडं 'आपण' तीन करू का? एक फक्त आपल्या लोकांचा, एक ऐकणाऱ्याला धरून, आणि एक मगरींना धरून."

"मगरींना का गं?"

"राजा पुराच्या आधी बोलतो ना, तेव्हा मगरी पण तिथंच असतात. त्याने कुठला 'आपण' वापरला त्यावरून त्यांना कळेल, सोबत यायचं का नाही ते."

मिरजेच्या गाडीला अजून तास होता. आम्ही तिसऱ्या 'आपण'साठी प्रत्यय शोधायला बसलो.